हलका दांडा

ट्रेलरचा दांडा एका हाताने उचलून पिकअपच्या मागे जोडणीसाठी असलेल्या गोळ्यावर बसवला, तेव्हा मी स्वतःवर जाम खूश होतो. सामान फार नव्हतंच. थोडे लोखंडी पाइप आणि तीनशे किलोचा जनरेटर. जनरेटर चढवला तिथेच, अगदी मागच्या फळीला टेकून ठेवला. पुढे ढकलत कोण बसणार?

ताशी ७० च्या आसपास आरशात ट्रेलर शेपूट हलवताना दिसला. आधी सावकाश, मग पिकअपचीही कंबर हलायला लागली. पाय ब्रेककडे गेलाच होता, पण तो मारला असता तर ट्रेलरने मागून रेटून गाडी आडवी केली असती. स्टेअरिंग सरळ धरून नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला. वेग पडला तसा ट्रेलर शांत झाला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

पुढच्या वजनकाट्यावर थांबलो. पूर्ण ट्रेलर १,४८० किलो. मग दांड्याचा स्टँड काट्याबाहेर टेकवून नुसती चाकं काट्यावर घेतली: १,४४०. म्हणजे दांड्यावर जेमतेम ४० किलो! तिथे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. मी ज्यावर खूश होतो, दोष नेमका तोच होता.

जनरेटर पहारीने सरकवत दीडेक मीटर पुढे आणला. घाम निघाला, पण चाकांवर १,३०० आले, दांड्यावर १८०. आता हे १८० किलो पिकअपच्या पाठीवर आले, हे विसरून चालत नाही. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेल्या भारक्षमतेत माणसं, हौद्यातलं सामान आणि हा दांड्याचा भार, सगळं बसवावं लागतं. मागचे स्प्रिंगचे पाटे फार दबले की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग तरंगल्यासारखं लागतं. म्हणून हौद्यातली अवजारांची जड पेटी उतरवून ठेवली.

पट्टे पुन्हा आवळले. ते पहिल्या काही किलोमीटरमध्येच सैल पडतात, त्यामुळे परत एकदा थांबून बघितले. सुरक्षेच्या साखळ्या मी सरळ अडकवल्या होत्या, त्या दांड्याखालून एकमेकींवर आडव्या घेतल्या. गोळ्यावरून दांडा निसटलाच तर त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. घाटात उतरताना वरूनच खालचा गिअर टाकला.

आता दांडा हाताने उचलत नाही, जॅक फिरवावा लागतो. परवा सोबतचा मित्र म्हणाला, "सामान जरा मागे घे ना, जोडायला सोपं जाईल." मी जॅकचं हँडल त्याच्याच हातात दिलं.