गेजवर 50 आणि बादलीत सुतळीएवढी धार

फ्रिज दुरुस्तीचं काम करतो, त्यातही बर्फवाले आणि पाण्याची लाइन लागणारे फ्रिज जास्त. परवाची केस मात्र डोक्यातून जात नाहीये.

तक्रार अशी की बर्फाचे खडे आधी बारीक आणि पोकळ यायचे, मग सगळा बर्फ एकमेकाला चिकटून गठ्ठा व्हायला लागला. आधी दोन जण येऊन गेलेले, दोघांनीही मागचा इनलेट वॉल्व्ह (फ्रिजमध्ये पाणी सोडणारी विजेवरची झडप) बदललेला, तरी तेच. काकू वैतागून म्हणाल्या, "दादा, आता फ्रिजच बदलते मी." मी म्हटलं थांबा, आधी पाणी बघू.

फ्रिज ओढला, लाइन सोडवून गेज (प्रेशर मोजायचं मीटर) लावला तर सरळ 50 पीएसआय, म्हणजे पाण्याच्या दाबाचं एकक. कंपनीनुसार किमान 20, 30 किंवा 35 लागतं, वर सहसा 120 पर्यंत चालतं, म्हणजे आकडा एकदम चांगला. इथेच आधीचे फसले असणार असं मला वाटतं, कारण पाणी थांबलेलं असताना लाइन कुठेही अर्धवट चोंदलेली असली तरी गेज पूर्ण प्रेशर दाखवतो. म्हणून मी तीच पाव इंची नळी बादलीत सोडली आणि कॉक उघडला, तर सुतळीएवढी धार! कुठे पिळ नाही, फिल्टरही लाइनीत नाही, मग नळी धरत धरत सिंकखालच्या कपाटात पोचलो.

तिथे तांब्याच्या पाइपावर सॅडल वॉल्व्ह. म्हणजे पाइपाला क्लॅम्प आवळायचा आणि सुईनं भोक पाडायचं, लावायला दहा मिनिटं. भोक आधीच बारीक, त्यात क्षार साचतात. मला हा प्रकार बिलकुल आवडत नाही आणि बऱ्याच फ्रिज कंपन्या पण वापरू नका म्हणून लिहितात.

आणि गठ्ठा का होत होता ते लोकांना खरंच वाटत नाही. इनलेट वॉल्व्हची झडप नीट बसायला पाण्याचाच जोर लागतो, मागून पाणी पुरेसं आलं नाही तर वॉल्व्हची वीज बंद झाल्यावरही ती थोडी उघडी राहते आणि साच्यात थेंब थेंब पडत राहतं, साचा भरून वाहतो आणि खालच्या बर्फावर पाणी गोठतं. म्हणजे पाणी कमी येतंय म्हणून पाणी गळतंय! वॉल्व्ह दहा बदलले असते तरी काही झालं नसतं.

हात लावायच्या आधी मेन कॉक कुठंय विचारलं, घरात कोणालाच माहीत नाही. शोधून काढला, कपाटामागे होता, फिरवून मोकळा करून ठेवला. बरं झालं, कारण सॅडलची मूठ अर्धी फिरवली आणि आतलं कडक झालेलं रबर फाटलं, पाणी थेट कपाटभर. मेन बंद करेपर्यंत अर्धी बादली गेली असेल, पण तेवढंच. हेच रात्री कोणी झोपलेलं असताना झालं असतं तर?

मग तो भोकाचा तुकडाच कापून टी (तीन तोंडांचा जोड) टाकला आणि बॉल वॉल्व्ह बसवला. नवी नळी कटरनं सरळ कापली (सुरीनं तिरकी कापली की गळणार हे ठरलेलं), आत इन्सर्ट (नळीला आतून आधार देणारा तुकडा), बाहेर फेरूल (नळीवर दाबून बसणारी कडी), नट हातानं आवळून मग पान्यानं थोडाच. अशा नट आवळायच्या कॉम्प्रेशन जॉइंटला टेफ्लॉन टेप लावत नाहीत, तिथे फेरूलच पाणी अडवतं. दोन-तीन लिटर पाणी बादलीत वाहू दिलं म्हणजे किस-कचरा वॉल्व्हच्या जाळीत जायला नको, मग जोडलं. आता धार बघून काकू स्वतःच "अरे बापरे" म्हणाल्या.

फ्रिज मागे ढकलताना नळी चिमटू नये म्हणून मोठं वेटोळं ठेवलं, सगळ्या जोडांना कोरडा टिश्यू गुंडाळला आणि सांगितलं की पहिल्या दोन-तीन खेपेचा बर्फ टाकून द्या आणि उद्या टिश्यू बघून फोन करा.

दुसऱ्या दिवशी फोन आला. टिश्यू कोरडे, खडे भरीव आणि सुटे.