‘रक्त किती हाय?’ याच्या पलीकडं

रिपोर्ट हातात पडला की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: "रक्त किती हाय?" म्हणजे हिमोग्लोबिन. कमी निघालं की लगेच बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू. त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, छापलेलं असतं, त्याला कुणी विचारत नाही.

मी बेळगावात लॅब टेक्निशियन. लाल टोपणाच्या नळीतलं रक्त गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज फिरवायचं, की वर पिवळसर सिरम येतं. फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रोटीन, तोवर गुठळीत अडकलेलं असतं. जरासं सिरम पिवळ्या रिएजंटमध्ये पडलं की ते हिरवं होतं, कारण त्यातला ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा रंग अल्ब्युमिनला चिकटतो. आकडा मशीन देतं, पण हिरवा फिका पडला की माझ्या डोळ्यांना आधीच कळतं. डेसिलिटरला 3.5 ते 5 ग्रॅम असायला हवं.

हे बनवतं लिव्हर, रोज 10 ते 15 ग्रॅम. बिलिरुबिन, फॅटी ॲसिड, कॅल्शियम, कितीतरी औषधं, सगळ्यांची हमाली याच्याकडं. शिवाय केशवाहिन्यांतून ते सहज बाहेर पडत नाही, त्यामुळं पाणीही आत ओढून धरतं. ते फार घटलं की पाणी झिरपतं, पाय सुजतात.

खानापूरकडच्या एक मावशी आल्या होत्या. "रोप लावायला चिखलात उभारून पाय सुजल्यात," म्हणाल्या. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. अल्ब्युमिन 2.1. लघवीला फेस होता. लघवी तपासायची स्ट्रिप आहेच, तरी जुनी सवय म्हणून परीक्षानळीचा वरचा भाग दिव्यावर धरला. दह्यासारखा पांढरा साका आला आणि ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकूनही हटला नाही. फॉस्फेट असतं तर विरघळलं असतं. म्हणजे प्रोटीन किडनीवाटे चाललं होतं.

घरच्यांनी तोवर प्रोटीन पावडरचा डबा आणलेला! जाहिरातींचा प्रताप, दुसरं काय. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे 20 दिवसांचं, म्हणजे असलेलं निम्मं व्हायलाच तेवढे दिवस लागतात. चार दिवस जेवण बिघडलं म्हणून ते 2.1 वर येत नाही.

रिपोर्टात कॅल्शियमही कमी होतं. मुलगा गोळ्या घ्यायला निघालेला, त्याला थांबवलं. निम्मं-अर्धं कॅल्शियम प्रोटीनला, त्यातही मुख्यतः अल्ब्युमिनलाच, चिकटून फिरतं. अल्ब्युमिन घटलं की कॅल्शियमचा एकूण आकडा आपोआप उतरतो. खरं बघायचं तर आयोनाइज्ड, म्हणजे कशाला न चिकटलेल्या मोकळ्या कॅल्शियमची, तपासणी करावी लागते. डॉक्टर कन्नड बोलणारे, मावशी मराठी, रिपोर्ट इंग्रजी. मी अल्ब्युमिनच्या आकड्याभोवती पेनानं गोल केला आणि मुलाला म्हटलं, "गोळ्यांचं नंतर बघू, आधी हे दाखव."