एकाच विषाचे दोन नमुने

वडोदऱ्यातील एका रुग्णालयाच्या रक्तविभागात मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आमच्या फ्रीजमध्ये घोणशीच्या विषाच्या कुप्या कायम असतात, हे ऐकून दांडिया बाजारातील माझ्या सासरची मंडळी अजूनही दचकतात. त्यात दचकण्यासारखे काही नाही. ते विष अत्यंत विरल केलेले असते आणि त्याने आम्ही एक तपासणी करतो.

श्रावणातल्या त्या दिवशी सकाळी मी तेच करत होते. तीन वेळा गर्भपात झालेल्या एका तरुणीच्या रक्तात, गुठळ्या होण्यास कारण ठरणारे विशिष्ट प्रतिपिंड आहे का, हे पाहायचे होते. घोणशीच्या विषातील एक विकर (एन्झाइम) रक्त गोठवणाऱ्या दहाव्या घटकाला थेट चेतवते, मधल्या पायऱ्या ओलांडूनच. त्यामुळे निरोगी प्लाझ्मा अर्ध्या-पाऊण मिनिटात गोठतो. प्रतिपिंड असेल, तर ते गोठण्यास लागणारी फॉस्फोलिपिडे, म्हणजे एक प्रकारचे मेदरेणू, अडवून ठेवते आणि वेळ वाढतो. त्या तरुणीचा वेळ वाढलेला निघाला. पुढची पुष्टी करून अहवाल लिहिला, आणि १२ आठवड्यांनी पुन्हा तपासावे, अशी नेहमीची सूचना खाली घातली.

संध्याकाळी ७ च्या सुमारास तातडीच्या विभागातून फोन आला. डभोईजवळच्या शेतात गवताचा भारा उचलताना एका ५८ वर्षांच्या गृहस्थांच्या घोट्याला साप चावला होता. घर दांडिया बाजारातले, शेत वडिलोपार्जित. मुलाने फोनवर फोटो काढला होता आणि ‘अजगराचे पिल्लू असेल’ म्हणून तो काहीसा निश्चिंत होता. शेतावरच्या गड्याने मात्र पाहताक्षणी ‘खडचितळो’, म्हणजे गुजरातीत घोणस, म्हटले होते. गडीच बरोबर होता. पाठीवरच्या साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा फोटोत स्पष्ट दिसत होत्या. घोणसच ती.

पाय सुजलेला होता, पण रक्तस्राव कुठेच नव्हता. म्हणजे प्रतिविष द्यायचे की नाही, हे २० मिनिटांच्या साध्या चाचणीवर अवलंबून होते : कोरड्या, नव्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचे, ती हलवायची नाही आणि २० मिनिटांनी एकदाच तिरकी करून रक्त गोठले का ते पाहायचे. मी खाली पोहोचले, तेव्हा प्रशिक्षणार्थी डॉक्टराने रक्त प्लॅस्टिकच्या नळीत घेऊन ठेवलेले होते. नळीतल्या रक्ताला गोठण्याची पहिली चालना काचेच्या पृष्ठभागाकडून मिळते. प्लॅस्टिकमध्ये, किंवा साबणाने धुतलेल्या काचेतही, निरोगी माणसाचे रक्त वेळेत गोठेलच असे नाही. मी चिडले, हे कबूल करते. नवी नळी आणून घड्याळ पुन्हा शून्यापासून लावले.

बाराव्या मिनिटाला काका थुंकले आणि थुंकीत रक्त दिसले. फिजिशियनने चाचणीची वाट न पाहता प्रतिविषाच्या १० कुप्या सुरू केल्या, अ‍ॅड्रेनालिनची सिरिंज शेजारी भरून ठेवून. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते आणि त्याची तीव्र अ‍ॅलर्जी कुणालाही येऊ शकते. विसाव्या मिनिटाला मी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले.

काकूंनी मला बाजूला बोलावून विचारले, “ताई, इतकं पातळ कसं झालं हो त्यांचं रक्त? सापानं पाणी घातलं का?”

“पातळ नाही झालं, काकू. गोठण्याचं सामान संपलंय. पहिल्याच पंगतीत सगळं वाढून टाकलं, तर पुढच्या पानांवर काय वाढणार?”

सकाळी माझ्या नळीत शिस्तीने प्लाझ्मा गोठवणारे विकर तेच होते. शरीरात मात्र त्याला आवर घालणारे कुणी नसते. ते दहाव्या घटकाला चेतवते, दुसरे एक विकर पाचव्याला, आणि रक्तभर असंख्य सूक्ष्म गुठळ्या बनत व विरघळत राहून फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन, खर्ची पडते. काकांच्या रक्तात ते इतके कमी उरले होते, की आमच्या यंत्राला मोजताच आले नाही. रक्त गोठवण्याच्या याच गुणामुळे १९३४ साली लंडनमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट या संशोधकांनी हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक विकाराच्या) रुग्णांच्या जखमांवर घोणशीचे विष लावून पाहिले होते. जखमेवर बाहेरून लावलेले आणि रक्तात शिरलेले विष यांत किती अंतर असते, ते मी त्या रात्री पाहत होते.

गोठणे हा तर एकच भाग. जस्ताच्या आधाराने चालणारी प्रथिनभेदी विकरे केशवाहिन्यांभोवतीचे आधारपटल कुरतडतात, म्हणून रक्त झिरपते; फॉस्फोलिपेज ए-२ हे विकर पेशींच्या पटलातील मेदरेणू तोडते आणि स्नायू मरतात; हायल्युरोनिडेज पेशींमधला चिकट लगदा सैल करून विषाला वाट करून देते. घोणशीच्या विषाचा पिवळेपणासुद्धा एका विकराचाच, त्यातील फ्लेव्हिनमुळे आलेला. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते, पण एकदा तुटलेली ऊती जोडत नाही. घोट्याभोवतीची काळी पडत चाललेली कातडी पाहताना हे सारखे जाणवत होते.

हिशेबही काठावरचा असतो. एक कुपी घोणशीचे सुमारे ६ मिलिग्राम विष निकामी करते, म्हणजे १० कुप्यांत ६०. एका दंशातले विष सरासरी तेवढेच धरतात. यकृताला नवे घटक बनवायला सहाएक तास लागतात, म्हणून त्याआधी पुन्हा तपासणे व्यर्थ. रात्री २ वाजता दुसरी नळी पाहिली : मऊ, तुटक गुठळी. आणखी १० कुप्या दिल्या. सकाळी ८ वाजता तिसरी नळी उलटी केली, तरी रक्त जागचे हलले नाही.

मूत्रपिंडांनी मात्र ऐकले नाही. लघवी कमी होत गेली, चार वेळा डायलिसिस करावे लागले, आणि मूत्रपिंडे बिघडल्यावर रक्तात साठणारे क्रिएटिनिन उतरायला तीन आठवडे गेले. घोट्यावर कातडी बसवावी लागली. काका आता काठी टेकत शेतावर जातात, गमबूट घालून. काकूंना ते पटत नाही.

त्यानंतर मी तातडीच्या विभागात नव्या काचेच्या नळ्यांचा एक डबा ठेवला आणि ‘फक्त रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी’ असे गुजरातीत लिहिले. पुढच्याच आठवड्यात त्यात थर्मामीटर सापडले. आता वर लाल चिकटपट्टी आहे आणि नळ्या मी दर सोमवारी स्वतः मोजते.