रिकामा फोटो पण नोंदवा प्लीज

गेले काही महिने मी दर शनिवारी एका वन्यजीव संवर्धन केंद्रात व्हॉलंटियर म्हणून जातेय. काम म्हणजे कॅमेरा ट्रॅपचे (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणाऱ्या, जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांचे) फोटो बघायचे आणि प्रत्येकात काय आहे ते नोंदवायचं. कार्ड लावलं की हजारभर फोटो उघडतात आणि त्यातल्या बहुतेकांत नुसतं गवत! सेन्सर उष्णतेतला फरक आणि हालचाल टिपतो ना, मग दुपारी तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी लागोपाठ तीन फोटो निघतात, तेच वाकलेलं पातं तीनदा बघायचं आणि तीनदा "रिकामा"वर टिक करायचं.

आधी मला हे अगदीच फुकट वाटायचं. पक्षी मोजायच्या फेरीत एकदा एकही पक्षी दिसला नाही तर मी फॉर्म जमाच केला नाही. नंतर तिथल्या संशोधक ताईंनी विचारलं, फॉर्म कुठंय? म्हटलं, ताई, काही दिसलंच नाही. तर म्हणाल्या, "अगं मग शून्य लिही. तू गेलीस आणि दिसलं नाही, की तू गेलीच नाहीस, हे मला कसं कळणार?"

मग त्यांनी हिशोब मांडून दाखवला. समजा प्राणी तिथे आहे आणि एका फेरीत तो दिसायची शक्यता ४० टक्के आहे, तर पाचही फेऱ्यांत न दिसण्याची शक्यता जेमतेम ८ टक्के उरते. म्हणजे एका शून्याने काही ठरत नाही, पण पाच शून्यं खूप काही सांगतात. ईबर्डवर, म्हणजे लोक आपल्या पक्षीनिरीक्षणाच्या नोंदी टाकतात त्या वेबसाइटवर, यादी भरताना "ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का" असं विचारतात ते पण याचसाठी, हो म्हटलं तरच यादीत नसलेल्या पक्ष्याला अर्थ येतो.

आणि आपण काही तज्ज्ञ नाही म्हणून बिचकू नका. टांझानियात सेरेंगेटीत २२५ कॅमेरे लावले होते, त्यांचे लाखो फोटो हजारो साध्या लोकांनी ऑनलाइन बघितले, एकच फोटो अनेकांना दाखवून सगळ्यांची उत्तरं एकत्र केली, तर ती तज्ज्ञांच्या उत्तरांशी जवळपास ९७ टक्के जुळली.

आमच्या पाणवठ्याजवळच्या कॅमेऱ्यात एक साळिंदर यायचं, दोन-तीन रात्रींआड, काटे फुलवून थेट लेन्ससमोर. मग १९ रात्री आलंच नाही. मला वाटलं बॅटरी गेली असणार. पण रोज दुपारचे गवताचे फोटो होते, तारखेसकट, म्हणजे कॅमेरा चालू होता आणि साळिंदरच येत नव्हतं. कुठल्या रात्रीपासून ते पण नेमकं सांगता आलं, त्याच आठवड्यात पाणवठा आटला होता. आता दुसरा कॅमेरा ओढ्याच्या वरच्या अंगाला लावलाय, तिथे अजून पाणी आहे. त्याचं कार्ड या शनिवारी येईल.