दोन फायली, एकच हमी

कर्जाच्या हमीची फाइल सकाळी आली, तिच्यासोबतची सुरक्षाविषयक टिपणाची फाइल दुपारी. दोन वेगळ्या विभागांनी तयार केलेली ही कागदपत्रं एकाच देशाबद्दलची होती. शेजाऱ्याशी युद्धाची टांगती तलवार असलेला देश, त्याला 12 वर्षांचं कर्ज आणि त्या कर्जामागे हमीदार म्हणून पाच सरकारं. हमीपत्राचा मसुदा तपासून संध्याकाळपर्यंत शेरा द्यायचा, एवढंच माझं काम होतं.

हमीपत्र वाचताना रक्कम मी शेवटी पाहतो. आधी पाहतो ते हमी वटवण्याचं कलम. मागणी कोण करणार, कोणत्या कागदावर, कोणत्या पत्त्यावर, किती दिवसांत आणि पैसे कोणत्या खात्यातून निघणार? यातल्या एकाही प्रश्नाला मोघम उत्तर असेल तर त्या हमीवर पैसे मिळतीलच असं धरता येत नाही. मसुद्यात ‘ऋणकोची थकबाकी सिद्ध झाल्यावर’ असे शब्द होते. सिद्ध कोण करणार? लवाद की न्यायालय? त्यात दोन वर्षं सहज जातात. म्हणून ‘पहिल्या लेखी मागणीवर, कोणताही आक्षेप न घेता’ ही शब्दरचना लागते. ती घातली.

दुसरी चूक मुदतीची. ती इतक्या वेळा दिसते की आता चीड येते. शेवटचा हप्ता 15 जूनला आणि हमी संपणार 30 जूनला. वरवर पाहता पंधरा दिवस हातात आहेत असं वाटतं. पण मूळ कर्जकरारात हप्ता चुकल्यावर 30 दिवसांची सवलत होती, म्हणजे थकबाकी कायदेशीररीत्या सुरू होणार 15 जुलैला. तेव्हा हमी संपून दोन आठवडे उलटलेले असतील. शेवटच्या हप्त्याला हमीच नव्हती आणि तीन विभागांच्या सह्या होऊनही हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हमीची मुदत मोजायची ती शेवटच्या हप्त्यानंतरची सवलत, मागणी पोहोचवण्याचे दिवस आणि पैसे भरण्याचे दिवस हे सगळं मिळवून. शिवाय मूळ करारात हमीदाराला न विचारता बदल झाला, तर अनेक कायद्यांत हमीदार मोकळा होतो. त्यासाठीचं संमतीचं कलमही नव्हतं. व्याजदर पुन्हा ठरवण्याची तरतूद करारातच होती, त्यामुळे हे कलम गाळणं परवडणारं नव्हतं.

तिसरा मुद्दा वाट्यांचा. पाचही हमीदार प्रत्येकी 20% ला बांधलेले, जबाबदारी वेगवेगळी. म्हणजे एकाने हात वर केले तर बाकीच्या चौघांवर त्याचा वाटा येत नाही आणि धनकोच्या पदरात 80 पडतात. यावर उपाय आहे आणि तो वापरून झालेला आहे. युरो संकटाच्या काळात उभारलेल्या युरोपीय वित्तीय स्थैर्य निधीने 440 अब्ज युरो कर्ज देण्याच्या क्षमतेसाठी 780 अब्ज युरोंच्या हमी घेतल्या होत्या आणि प्रत्येक देशाची हमी त्याच्या वाट्याच्या 165% पर्यंत जात होती. आमच्या प्रकरणात प्रत्येकी 25% केले तरी एक हमीदार गळल्यावर 100 शिल्लक राहतात. हा बदल सुचवला आणि तो मान्य झाला.

इथपर्यंत हे नेहमीचं काम होतं. मी थांबलो तो हमीच्या किमतीच्या तक्त्यापाशी. हमी देताना तिजोरीतून लगेच काही जात नाही, म्हणून ती फुकट वाटते. 2008 च्या सप्टेंबरअखेर आयर्लंडने सहा बँकांच्या ठेवी आणि बहुतेक कर्जांना दोन वर्षांसाठी सरसकट हमी दिली. रक्कम होती सुमारे 440 अब्ज युरो, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. त्या दिवशी अंदाजपत्रकात खर्च दिसला नाही. नंतरच्या वर्षांत तो कर्ज म्हणून दिसला. म्हणूनच हमी वटण्याची शक्यता आधी मांडायची, तेवढी तरतूद बाजूला ठेवायची आणि शुल्क आकारायचं, ही शिस्त पाळावी लागते.

तक्त्यात वार्षिक शक्यता 1.5% धरली होती. 12 वर्षांत ती सुमारे 17% होते. 1.5% हा आकडा कुठून आला ते शोधत तळटिपेपर्यंत गेलो. तिथे लिहिलं होतं: ‘देशाला मिळालेल्या सुरक्षा हमी लक्षात घेता.’

मग दुसरी फाइल उघडली. सुरक्षा टिपणात त्या देशाच्या पाठीशी असलेल्या बांधिलकीचा पहिला पुरावा म्हणून काय दिलं होतं? हेच कर्ज आणि हीच हमी. पैशाची हमी सुरक्षेच्या हमीवर टेकलेली, सुरक्षेची हमी पैशाच्या हमीवर. दोन भिंती एकमेकींना टेकून उभ्या आणि खाली पाया कोणीच घातलेला नाही.

सुरक्षेच्या हमीला मी तेच प्रश्न लावले. मागणी कोण करणार, कोणाकडे, किती दिवसांत, काय मिळणार? उत्तर होतं, ‘पक्ष सल्लामसलत करतील.’ अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात युक्रेनला मिळालेल्या 1994 च्या बुडापेस्ट मेमोरँडममध्येही, वचनांबद्दल प्रश्न उभा राहिला तर सल्लामसलतच आहे. त्या दस्तऐवजाच्या इंग्रजी मजकुरात आश्वासन या अर्थाचा शब्द आहे आणि युक्रेनियन व रशियन मजकुरात हमी या अर्थाचा. एका सदस्यावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानणाऱ्या नाटोच्या पाचव्या कलमातही प्रत्येक सदस्याने ‘आवश्यक वाटेल ती कृती’ करायची आहे. त्या कलमाचं बळ शब्दांइतकंच आधीपासून तैनात असलेल्या सैन्यात आणि संयुक्त नियोजनात आहे.

एका अनुभवी सहकाऱ्याचं म्हणणं असं की सुरक्षेच्या हमीत संदिग्धता मुद्दाम ठेवतात. नेमकी रेषा आखली की शत्रू तिच्या अलीकडे बोट ठेवून उभा राहतो. मला ते पटतं. पण मग त्या संदिग्धतेवरून 1.5% सारखा नेमका आकडा काढायचा नसतो. त्याच्याकडे याचं उत्तर नव्हतं.

मला राहून राहून 1922 चा ऑस्ट्रिया आठवतो. राष्ट्रसंघाच्या, म्हणजे तेव्हाच्या लीग ऑफ नेशन्सच्या, पुढाकाराने जिनिव्हात करार झाले. एका करारात ऑस्ट्रियाचं स्वातंत्र्य आणि सीमा जपण्याचं वचन, दुसऱ्यात 65 कोटी सुवर्ण क्राउनच्या कर्जाला अनेक सरकारांची हमी. त्या हमीत प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहिलेला, जकात आणि तंबाखूचं उत्पन्न तारण, खर्चावर नजर ठेवायला महाआयुक्त. मार्च 1938 मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा स्वातंत्र्याच्या वचनासाठी कोणी सैन्य हलवलं नाही. कर्जरोख्यांसाठी मात्र ब्रिटनने जर्मनीशी वाटाघाटी केल्या आणि त्याच वर्षी जुलैत करारही झाला. रोखेधारकांकडे दाखवायला टक्केवारीचं कलम होतं. ऑस्ट्रियाकडे तसं काही नव्हतं.

सुरक्षेचा आधार काढून तक्ता पुन्हा मांडला. वार्षिक शक्यता 5% धरली की 12 वर्षांत ती सुमारे 46% होते. शिवाय ज्या दिवशी ही हमी वटेल, त्याच दिवशी पाचही हमीदारांचा संरक्षणखर्च वाढलेला असेल. हा एकत्र येणारा धोका तक्त्यात कुठेच नव्हता. दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवून शेरा लिहिला आणि सुरक्षा टिपणातला ‘हमी’ हा शब्द बदलून ‘आश्वासन’ करावा असंही सुचवलं.

मुदत दुरुस्त झाली, संमतीचं कलम आलं, वाटे 25% झाले. शब्द तसाच राहिला. तरतूद 1.5% च्या हिशेबाने मंजूर झाली आणि 5% चा रकाना परिशिष्टात गेला. मुद्दलाचा पहिला हप्ता चार वर्षांनी आहे. मागणीपत्राचा नमुना मी फाइलला जोडून ठेवला आहे. त्यात पत्ता आणि खाते क्रमांक भरलेला आहे, फक्त तारीख कोरी आहे.