आमची वाटचाल: मामांचं ग्राफिक्स कार्ड

2008 साली सांगलीत, विश्रामबागेतल्या एका खोलीत आम्ही दोघांनी सुरुवात केली ती मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करून. अडत, हमाली, तोलाईचा हिशेब बिनचूक निघाला की गिऱ्हाईक खूश. ती वर्षं बरी गेली. फ्लेक्सकडे वळलो ते एका अडत्याच्या पुतण्यामुळे. त्याला तयार साच्यात फोटो टाकून, नाव बदलून फ्लेक्स झटपट प्रिंटला पाठवायचा होता. वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजली एवढे तीन साचे नीट दिले की निम्मा धंदा उरकतो, हे तेव्हा कळलं.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात मारुती चौक, गणपती पेठ पाण्याखाली गेली. आमच्या कितीतरी गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर गेले. त्यांनी मिळतील ते जुने संच उचलले, 4 जीबी रॅम आणि वर 32 बिटचं विंडोज. आमच्या सॉफ्टवेअरची अब्रू तिथे गेली. मारुती चौकाजवळच्या एका दुकानाचे मालक, सगळे त्यांना मामाच म्हणतात, मला म्हणाले, "साहेब, फोटो जरा डावीकडं सरकवला की मी चहा पिऊन येतो. आलो तरी त्यो सरकतच असतोय."

मी त्यांना ठणकावून सांगितलं, "मामा, ग्राफिक्स कार्ड टाका." पुराचा चिखल काढून दमलेल्या माणसाला मी खर्चात पाडलं. कार्ड बसलं, फरक शून्य. पडणार तरी कसा? आम्ही चित्र काढत होतो जीडीआय प्लसने, म्हणजे विंडोजच्या चित्रं काढायच्या तयार सोयीने, आणि त्याचं जवळजवळ सगळं काम प्रोसेसरच करतो. कार्ड नुसतं बसून होतं.

हे मला सांगितलं आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडलेल्या मुलीने. तिने पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला. 20 बाय 10 फुटांचा फ्लेक्स, 72 डीपीआय, म्हणजे इंचाला 72 ठिपके: 17280 गुणिले 8640, म्हणजे जवळपास 15 कोटी पिक्सेल. प्रत्येकी 4 बाइट धरले तर 60 कोटी बाइट. मामांचा स्क्रीन 1366 बाय 768, म्हणजे साडेदहा लाख पिक्सेल. "सर, माउस हलला की आपण 15 कोटी पिक्सेल चाळतो आणि दाखवतो साडेदहा लाख."

मी कोड उघडून बसलो. रंग बदलायच्या लूपमध्ये, म्हणजे तेच काम परत परत करणाऱ्या तुकड्यात, गेटपिक्सेल, सेटपिक्सेल: एक पिक्सेल वाचायचा, एक लिहायचा. एकेका पिक्सेलसाठी दार उघडायचं, आत जायचं, बाहेर यायचं, कडी लावायची. लूप मीच लिहिलेला, तोही उभा, स्तंभामागून स्तंभ; मेमरीत पिक्सेल मात्र आडव्या ओळींत असतात, त्यामुळे कॅशचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा, काही उपयोगच नाही. सगळे पिक्सेल एकदम हाती देणाऱ्या लॉकबिट्सने दार एकदाच उघडलं, लूप आडवा केला. चित्र प्रीमल्टिप्लाइड प्रकारात, म्हणजे रंगाला पारदर्शकतेने आधीच गुणून ठेवलं, म्हणजे दर वेळी रूपांतराची कटकट नाही. सरकवताना साधं स्केलिंग, माउस सोडल्यावरच बायक्युबिक, म्हणजे सफाईदार पण हळू चालणारं. आणि जेवढा भाग बदलला तेवढाच पुन्हा रंगवायचा.

एका भुताने मात्र आठवडा खाल्ला. स्केलिंग बंद ठेवूनही चित्र मोठं दिसायचं आणि हळू चालायचं. फाइल 72 डीपीआयची, स्क्रीन 96 चा. चित्र काढणाऱ्या ड्रॉइमेज या आज्ञेला नुसती जागा दिली की ते डीपीआय बघून आपल्या मनानं ताणतं. लांबी-रुंदी सांगून टाकली, भूत उतरलं.

खरा फायदा झाला पायऱ्यांनी. मूळ चित्राच्या, लांबी-रुंदीने निम्म्या, पाव अशा लहान प्रती आधीच करून ठेवायच्या. सगळ्या मिळून जागा मूळच्या एक तृतीयांशच वाढते. सोळाव्या हिश्शाची प्रत 1080 बाय 540, मामांच्या स्क्रीनवर सहज मावते. झूम केलं तर मूळ चित्राचे 512 बाय 512 चे तुकडे, 32 बिट रंगात प्रत्येकी बरोबर 1 एमबी, लागतील तेवढेच डिस्कवरून आणायचे. 32 बिटच्या विंडोजवर प्रोग्रॅमला सहसा एकूण 2 जीबीच जागा मिळते. 60 कोटी बाइटांचा सलग तुकडा त्यात मागणं हाच मूर्खपणा होता.

नवी आवृत्ती टाकायला मी स्वतः गेलो. मामांनी आमदारांचा फोटो डावीकडे ओढला, उजवीकडे ओढला, पुन्हा डावीकडे. काही बोलले नाहीत. कार्डाचे पैसे आम्ही त्या वर्षीच्या एएमसीतून, म्हणजे वार्षिक देखभालीच्या बिलातून, वजा केले आणि ते कार्ड माझ्या टेबलावर आहे. नवी फाइल पहिल्यांदा उघडताना पायऱ्या तयार व्हायला अजून वेळ लागतो. तेवढ्यात मामा चहा सांगतात, आता दुकानातच.