आमची वाटचाल: खो-खोच्या खांबापासून जर्सीपर्यंत

मी मूळची खो-खोची. जिल्हा संघापर्यंत खेळले, मग बी.पी.एड. केलं आणि चिपळुणातल्या एका हायस्कूलमध्ये तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. मानधन कधी हातात पडेल याचा भरवसा नसे. संध्याकाळी त्याच पोरींचा मैदानावर सराव घ्यायचे. आमचा खेळाच्या सामानाचा धंदा सुरू झाला तो तिथेच, खांबामुळे.

खो-खोचा खांब १२० ते १२५ सेंटीमीटर उंच आणि गुळगुळीत लागतो. पण विकत मिळणाऱ्या खांबांना चकचकीत पॉलिश असायचं. आमच्या दमट हवेत घामेजलेला हात त्यावरून सटकतो, आणि खांबाला धरून वेगात वळणारी पोर सरळ पुढे जाऊन आपटते. आमच्या ओळखीच्या सुतारकाकांकडून मी बिनपॉलिशचा, नुसता काचपेपरने घासलेला खांब करून घेतला. स्पर्धेला आलेल्या दुसऱ्या शाळांच्या सरांनी तो हात फिरवून पाहिला आणि "आम्हालाही द्या" म्हणाले. पहिली विक्री ती.

पुढे बाजारपेठेत गाळा घेतला. मेरठ-जालंधरचा माल ठेवला: चेंडू, नेट, बॅडमिंटनची रॅकेट. यात फार काही सुटत नाही, गिऱ्हाईक मोबाइलवर भाव दाखवूनच बोलतं. आम्हाला तारलं ते जर्सीने.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली आणि वाडीवाडीच्या मंडळांना नावाची, नंबरची जर्सी हवी झाली. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी चौकट लागते, बारा जर्सींसाठी ते परवडत नाही. सब्लिमेशनमध्ये डिझाइन कागदावर छापून गरम प्रेसखाली पॉलिस्टरवर उतरवतात. एकच जर्सी करा नाहीतर शंभर, चौकटीचा खर्चच नाही. यजमानांनी नोकरी सोडून मशीन घेतलं. हिशेब त्यांचा, माप माझं. रेडरची जर्सी अंगाला घट्टच हवी, सैल कापड म्हणजे समोरच्याला आयतं धरायला दिलं. हे शिंप्याला सांगून पटत नाही, चढाई करताना कुणी मागून ओढलेलं असावं लागतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आमच्या गाळ्यातही. चामडी चेंडू आणि छपाईचा कागद गेला, प्रेस गेलं. फोमच्या मॅट मात्र तरंगत वर आल्या! जर्सींचा चिखल धुतल्यावर निघाला, पण त्या विकायला मन होईना. सरावाला पोरींना वाटून टाकल्या. गाळ उपसायला याच पोरी आल्या होत्या, कुणी न बोलावता. मंडळांनी जुनी उधारी त्या महिन्यात आणून दिली. एरवी "बक्षीस लागलं की देतो" हे ठरलेलं उत्तर.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. तेव्हापासून पालक स्वतःहून मुलींना घेऊन येतात. आल्या आल्या महागडे बूट मागतात. मी विचारते, सराव मातीवर की मॅटवर? मातीवर असेल तर आधी अनवाणीच खेळू दे म्हणते, बूट विकत नाही. यजमान कपाळाला हात लावतात.

आता शिवणावर ज्या बायका आहेत त्यांतल्या दोघी माझ्याच जुन्या खेळाडू. शिमग्याच्या ऑर्डरी आम्ही होळीच्या पंधरा दिवस आधी बंद करतो. तरी मुंबईहून गाडीत बसलेल्या चाकरमान्याचा फोन येतोच, "मॅडम, फक्त बारा नग!"